झूमकाका आणि खरवईची कॅसेट

लग्नात कुणी रडायला लागलं की झूमकाका कॅमेरा खाली करायचे. व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात हे म्हणजे पापच. मुलगी आईच्या गळ्यात पडली की सनगन दिव्याचा प्रखर झोत तिच्या तोंडावर मारायचा, गालावरून थेंब ओघळेपर्यंत थांबायचं, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. आणि नेमके त्याच वेळी झूमकाका मांडवाच्या मागे मुलीच्या बापाला शोधत असायचे. बाप बहुतेक वेळा आचाऱ्याजवळ सापडायचा. ते त्याला शूट करून आणायचे.

"रडणं सगळ्यांचं सारखंच असतं ताई," ते मला म्हणायचे. "ह्या माणसाची मुलगी चाललीय आणि हा उरलेल्या भाताचं काय करायचं ते विचारतोय. हे बघा."

मी ते बघायचे, कारण बघणं हेच माझं काम होतं. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या स्टुडिओत मी मिक्सिंग करायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शूटिंग करून आणलेली कॅसेट एका व्हीसीआरवर लावायची, नको ते गाळायचं, हवं ते दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचं, वर गाणी टाकायची आणि नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवायचं. बदलापूरला माझं सासर. मी बी.कॉम. झालेली, पण बँकेच्या परीक्षा हुकल्या आणि ह्या अंधाऱ्या, पंख्याच्या आवाजाने भरलेल्या खोलीत येऊन बसले. पुढे कित्येक वर्षं तिथेच रमले.

झूमकाका हे नाव शेठनी ठेवलेलं. नवरा-नवरी सोडून ह्या माणसाचा कॅमेरा कुठल्यातरी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यावर झूम व्हायचा, म्हणून. पन्नाशी उलटलेली, उंच पण खांद्यात जरा वाकलेले, पायात कॅनव्हासचे बूट. आधी ते अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमासाठी साहेबांनी कॅमेरा आणला, तो चालवायला कुणी नव्हतं, ह्यांनी चालवला आणि त्यातच अडकले. नोकरी का सोडली ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. शर्टाच्या खिशात एक कंगवा असायचा. त्यांचे स्वतःचे केस जवळजवळ नव्हतेच, कंगवा दुसऱ्यांसाठी होता. एखाद्या आजोबांना शूट करायचं असलं की आधी त्यांच्याजवळ बसून विचारायचे, केस विंचरू का? आणि विंचरायचे.

लग्नातलं ते जेवत नसत. पंगतीत बासुंदी फिरत असायची आणि हे मांडवाबाहेर बसून डब्यातला मऊ, जवळजवळ पातळ वरणभात खायचे. रोज तोच. पोटाचं काही दुखणं असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा एका मोठ्या सिंधी लग्नात नवरदेवाची घोडी दारात आली आणि झूमकाकांचा कॅमेरा नवरदेवाच्या आजीवर होता. आजी भिंतीजवळच्या खुर्चीत बसून ओढणीच्या टोकाला मारलेली गाठ सोडवत होती. बोटं वळत नव्हती. गाठ सुटेना, तिला मदतही नको होती. ते सगळं कॅसेटवर आलं, आणि घोडी आली ती थेट रिकामीच, नवरदेव उतरून गेल्यावर. शेठ भडकले. "ये शादी है, हॉस्पिटल नहीं है काका," असं काय काय ते बोलले. काका ऐकून घेत होते. काही महिन्यांनी ती आजी वारली आणि तोच नवरदेव स्टुडिओत आला. दादीचा तेवढा तुकडा वेगळा काढून द्या म्हणाला. शेठ लगेच हो म्हणाले. काका नाही म्हणाले.

"दादी शादी में आयी थी. उसको शादी में ही रहने दो," ते त्याला म्हणाले. "अकेली मत करो."

मुलगा कॅसेट तशीच घेऊन गेला.

आठवड्याच्या बंदच्या दिवशी शेठ त्यांना जुना कॅमेरा वापरू द्यायचे. त्या दिवशी काका त्यांची स्वतःची फिल्म करायचे. म्हाताऱ्या माणसांची. त्यात गोष्ट नव्हती, गाणं नव्हतं. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत ते फिरायचे आणि कुणाच्याही घरी जाऊन बसायचे. आधी त्या घरचं पाणी प्यायचे. पाणी प्यायल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही असा नियमच होता. मग विचारायचे, तुमचं शूटिंग केलं तर चालेल का. माणसं लाजून हो म्हणायची. शूटिंग झालं की पुढच्या वेळी ते कुणाच्या तरी घरून टीव्ही-व्हीसीआर मिळवून त्याच माणसांना दाखवायचे आणि परत विचारायचे, हे ठेवू की पुसू?

"पहिला हो भिडेपोटी असतो ताई. दुसरा खरा."

वांगणीच्या एका बाईंनी नवऱ्याचा आयुष्यभराचा मार कॅमेऱ्यासमोर सांगितला होता. शांत आवाजात, तांदूळ निवडत निवडत. मी ती कॅसेट मिक्सिंगच्या खोलीत दोनदा पाहिली. बाईंनी स्वतःला टीव्हीवर पाहिलं आणि म्हणाल्या, नको, पुसून टाका. काकांनी त्यांच्यासमोरच पुसली. मी त्यांच्यावर चिडले. इतकं खरं पुन्हा कोण बोलणार, असं मी म्हटलं. ते म्हणाले, ती बोलली ना एकदा, मोकळी झाली असेल, आपल्याला कशाला पाहिजे. 

ह्या फिरण्यात त्यांना बदलापूरलगतच्या खरवईचं जोडपं भेटलं.

जोडपं म्हणायचं की नाही, हाच तिथल्या लोकांचा प्रश्न होता. आजोबा बौद्ध समाजातले, मूळचे देशावरचे, सगळी नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात झालेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन मुलगे, दोघंही अंबरनाथला संसारात. आजी बदलापूरजवळच्या शेतकरी घरातली, विधवा, लेक लग्न होऊन लांब गेलेली. दोघांची ओळख झाली ती बदलापूरच्या शाळेत भरलेल्या डोळ्यांच्या शिबिरात. दोघांचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोघांच्याही डोळ्यांवर पट्ट्या, खाटा शेजारी शेजारी. एकमेकांना न बघता त्यांनी सगळं आयुष्य बोलून काढलं. वर्षभरात आजोबांनी खरवईला नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर खोली घेतली आणि आजी तिथे राहायला आल्या. लग्न केलं नाही. ह्या वयात कुणासाठी करायचं, असं दोघांचंही म्हणणं होतं. आजोबांच्या मुलांनी येणं बंद केलं. बिल्डिंगमधल्या बायका आजींशी नळावर बोलायच्या, पण हळदीकुंकवाला सोडाच, बारशालाही बोलवायच्या नाहीत.

काका त्यांच्याकडे वर्षभर तरी जात होते. त्या कॅसेटी मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. एकीत आजी आजोबांच्या पायाची नखं कापतायत. जाड, पिवळी नखं, आधी कोमट पाण्यात भिजवलेली. आजोबा पाय मागे घेतात, आजी त्यांच्या घोट्यावर चापट मारतात. मग नख कापून झालं की त्याच घोट्यावरून अंगठा फिरवतात, जिथे चापट बसली तिथेच. म्हातारपणी दोन माणसं एकमेकांना हात कसा लावतात, हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या घरात आई-वडील एकमेकांच्या हातात पेलासुद्धा देत नसत, जमिनीवर ठेवायचे आणि दुसऱ्याने उचलायचा.

त्या दिवसांत एकदा काका कॅमेऱ्याची बॅटरी स्टुडिओतच विसरले. मला अंबरनाथला नातेवाइकांकडे जायचंच होतं, म्हणून मी ती द्यायला त्यांच्या घरी गेले. पूर्वेला कामगारांची जुनी चाळ. दार उघडंच होतं. काका जमिनीवर बसून कॉटवरच्या बाईंना भरवत होते. मऊ वरणभात. त्यांची बायको. उजवी बाजू लुळी, तोंड एका बाजूला ओढलेलं, केस मात्र नीट विंचरलेले.

काका अजिबात गोंधळले नाहीत. ह्या आमच्या स्टुडिओतल्या ताई, असं त्यांनी बायकोला सांगितलं आणि मला पाणी दिलं. पॅरालिसिसचा झटका येऊन सहा-सात वर्षं झाली होती. नोकरी तेव्हाच सुटली, कारण दिवसा घरी कुणीतरी हवं होतं. संध्याकाळी लग्नांना आणि बंदच्या दिवशी फिरायला जाताना शेजारच्या वहिनी बसायच्या. बोलणं पूर्ण गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की समजण्याचीही फार आशा धरू नका. काका मात्र दिवसभर तिच्याशी बोलायचे. कुठलं लग्न, कुठला मांडव, कोण काय म्हणालं, सगळं.

निघताना मी त्यांना विचारलं की तुम्ही एवढ्या लोकांची फिल्म करता, काकूंची नाही केली का कधी? इतकी वर्षं तुम्ही हे करताय, हीच तर तुमची फिल्म आहे.

ते चपला घालून मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. तिथे म्हणाले, "तिला नाही म्हणता येत नाही ना. मग कशी करणार?"



आजोबा गेले ते दिवाळीनंतर. छातीत दुखलं, आजींनी शेजाऱ्यांच्या मदतीने रिक्षात घातलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कुणीतरी मुलांना कळवलं. मुलं आली आणि वडिलांना अंबरनाथला घेऊन गेली. अंत्ययात्रा तिथूनच निघाली. आजी खरवईलाच होत्या, त्यांना न्यायला कुणी आलं नाही. मृत्यूनंतरच्या जलदानविधीला मात्र त्या स्वतः गेल्या. विहाराच्या सभागृहात मागे बसल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी त्या एकट्या स्टुडिओत आल्या. पहिल्यांदाच. बुटक्या, काटक, नऊवारी नेसलेल्या. काकांनी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. त्या रडत नव्हत्या. तिथे काय काय झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. बरीच भाषणं झाली. कारखान्यातले लोक बोलले, समाजातले बोलले. आजोबांच्या गेलेल्या बायकोचं नाव घेतलं, मुलांचं, सुनांचं, नातवंडांचं. एका बाईने आजींना विचारलं, तुम्ही कोण? बिल्डिंगमधली कुणीतरी परस्पर म्हणाली, ह्या शेजारीण त्यांच्या.

"मी पन मान डोलावली," आजी म्हणाल्या. "काय करनार?"

मग त्यांनी कामाचं सांगितलं. काकांनी केलेली फिल्म त्यांना बिल्डिंगमध्ये दाखवायची होती. सगळ्यांना, अंगणात टीव्ही लावून.

काका लगेच हो म्हणाले नाहीत. फिल्म जोडून झाली होती, पण आजोबांनी ती पाहिली नव्हती. दुसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं होतं. ते काकांना खात होतं. ते आजींना म्हणाले, "आजोबांचा एकच हो आहे माझ्याकडं."

आजी म्हणाल्या, "मानूस मेला म्हनून त्याचा हो पन मेला काय?"

मग काका मुख्य अडचणीवर आले. खोली आजोबांच्या नावावर होती, आता ती मुलांची. फिल्म दाखवली, मुलं चिडली आणि खोली सोडा म्हणाली तर आजी जाणार कुठे? हे त्यांनी फार जपून, आडून आडून विचारलं. आजींनी तो विचार आधीच करून ठेवला होता.

"सोडायची तर सोडीन," त्या म्हणाल्या. "पन शेजारीन म्हनून नाय सोडनार."

काकांनी थोरल्या मुलाला जाऊन सांगायचं ठरवलं. त्याच्या अंबरनाथच्या घरी ते गेले, पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. थोरला मुलगा एका कंपनीत सुपरवायझर होता, मितभाषी. त्याने ऐकून घेतलं आणि दाखवू नका म्हणाला. वडील आमच्याबद्दल काय बोलले असतील ते मला माहीत आहे, ते चार लोकांत नको, एवढंच त्याचं म्हणणं. आवाज चढवला नाही, पण दार उघडून उभा राहिला.

आता काकांकडे एका घरातून हो आणि दुसऱ्या घरातून नाही आलं होतं. ते आठवडाभर त्यांच्याबरोबर फिरत होतं. एका साखरपुड्यात ते कॅमेरा चालू करायलाच विसरले. मग एका दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले की फिल्ममधून थोरल्या मुलाबद्दलचा भाग काढून टाकायचा.

तो भाग म्हणजे त्या फिल्मचा जीव होता. आजोबा खाटेवर बसलेत, आजी आत भांडी घासतायत, त्यांचा आवाज येतोय. आजोबा सांगतात की थोरला येत नाही ह्याचा मला राग नाही. त्याची आई आजारी होती तेव्हा मी दारू प्यायचो. ती कण्हत असायची आणि मी पिऊन पडलेलो असायचो. पोरगा तेव्हा शाळेत होता, तो तिला पाणी द्यायचा. "त्यानं सगळं बघितलंय," आजोबा म्हणतात. "आता मी हिला डोळ्यात औषध घालतो, हिचे पाय चेपतो, ते त्याला बघवंल कसं? त्याच्या आईचं हे सगळं ऱ्हायलंय माझ्याकडून. तो येत न्हाई, ते बरोबर हाय त्याचं."

मी काकांशी भांडले. मुलाला वाटतंय वडिलांनी त्याला नावं ठेवली असतील. इथे तर उलटंच आहे. उलट हे दाखवलंच पाहिजे. हा सगळ्यात चांगला भाग आहे, असं मी दोनदा म्हटलं.

"चांगला आहे," काका म्हणाले. "पण त्याचा आहे."

मी तो भाग काढला आणि काकांच्या सांगण्यावरून एका कोऱ्या कॅसेटवर वेगळा उतरवला, मग मूळ कॅसेटवरून पुसला.

खरवईला बिल्डिंगच्या पुढच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी, टेबलावर टीव्ही ठेवला. स्टुडिओतला मोठा टीव्ही शेठनी नेऊ दिला होता, रिक्षाने न्यायचा आणि फोडायचा नाही या बोलीवर. मी आणि माझे मिस्टर दोघंही गेलो होतो. काय आहे ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. टीव्ही लागलाय म्हटल्यावर बायका आल्या, पोरं आली, वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलरीत उभे राहिले. आजी आपल्या दारात पाटावर बसल्या. थोड्या वेळाने मागे, फाटकाजवळ, थोरला मुलगा आणि त्याची बायको दिसली; काकांनी त्यांना दिवस कळवला होता. आत आली नाहीत.

सुरुवातीला कुजबूज होती. एक बाई मुलांना घेऊन उठलीसुद्धा. मग पडद्यावर आजोबा शिबिराची गोष्ट सांगायला लागले. रात्रंदिवस अंधारच होता, बाजूला कोणीतरी बाई खोकली की देवाला शिव्या द्यायची, असं ते सांगत होते. "पट्टी सुटली आन् बघतो तर ही एवढीशी. आवाजावरनं मला वाटलं, चांगली धिप्पाड बाई आसंल." गॅलरीतून कुणीतरी हसलं. मग खालच्या बायका हसल्या. उठलेली बाई परत बसली.

नखं कापायचा भाग आला तेव्हा कुणी हसलं नाही. माझ्या पुढे बसलेल्या एका मध्यमवयीन बाईंनी पदर तोंडाला लावला. पडद्यावर आजोबा पाय मागे घेत होते, आजी चापट मारत होत्या आणि दारात बसलेल्या आजी ते इतक्या लक्ष देऊन बघत होत्या, जणू नख कुठे खोल कापलं जातंय का ते तपासतायत.

फिल्म संपली. टाळ्या वगैरे काही नाही. बायका उठल्या, दोघी-तिघी आजींजवळ जाऊन बसल्या. एकीने विचारलं, जेवलात का. गेल्या काही वर्षांत त्या बिल्डिंगमध्ये आजींना कुणी आपलेपणाने विचारलेला तो पहिला प्रश्न असावा, निदान आजींनी नंतर तसं सांगितलं.

थोरला मुलगा काकांजवळ आला. मी वायर गुंडाळत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "माझ्याबद्दल काहीच नाही बोलले?"

"बोलले," काका म्हणाले आणि पिशवीतून ती वेगळी कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. "ते तुमचं आहे. घरी बघा, एकटे बघा. नको वाटलं तर पुसून टाका. माझ्याकडे दुसरी नाही."

त्याने ती बघितली की नाही ते मला माहीत नाही. पण खोलीबद्दल आजींना कुणी कधी काही म्हटलं नाही. उन्हाळ्यात थोरला आणि त्याची बायको खरवईला आली, चहा प्यायली, फारसं न बोलता बसली आणि गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आली. आजी एवढंच म्हणाल्या, "बसायला बापासारखाच बसतो. भिंतीला टेकून."

आजी मोकळ्या झाल्या तशा काकांच्या घरी जाऊ लागल्या. काकूंबद्दल त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं. काका मला नंतर सांगत होते त्यावरून त्यांची ती पहिली भेट मला स्वतः पाहिल्यासारखी आठवते. आजी कॉटवर काकूंच्या डाव्या बाजूला बसल्या, चांगला हात आपल्या हातात घेतला आणि शेजारणीशी बोलावं तसं विचारायला लागल्या. उशी नीट आहे का? उकडतंय का? हा बाप्या तुमाला बरा सांभाळतो का? आणि थांबायच्या. काका स्वयंपाकघरातून म्हणाले की तिला बोलता येत नाही. आजींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. चहा झाला, बिस्किटं झाली. आजींनी काकूंना विचारलं की चहात भिजवून बिस्कीट देऊ काय.

मग त्यांनी काकांना हाक मारली.

"ही नाय बोलते," त्या म्हणाल्या.

काकांना कळेना. आजींनी त्यांना बाजूला बसवलं, काकूंचा हात त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा विचारलं, बिस्कीट? काकूंनी हात काढून घेतला. हळूहळू, ओढत, पण काढून घेतला. चहा देऊ? बोटं दाबली गेली.

"तुमी इचारलंत काय हिला कधी?" आजी म्हणाल्या.

काकांनी ते मला स्वतःच मोजून सांगितलं. इतकी वर्षं ते तिला सगळं सांगत होते. लग्नातल्या बाया-बापड्यांना, वांगणीच्या बाईंना, अख्ख्या रेल्वेलाइनवरच्या म्हाताऱ्यांना ते विचारत फिरले होते. हिला मात्र वरणभात, औषध, कूस बदलणं, सगळं वेळेवर दिलं, पण विचारलं कधी नाही. तिला कळत नाही असं कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी ते धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत आले ते जवळजवळ धावत. मी मशीनवर होते. एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाची कॅसेट लागली होती. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, परत उभे राहिले.

"विचारलं मी तिला," ते म्हणाले. "तुझी फिल्म करू का म्हणून."

मी मशीन थांबवलं.

"नाही म्हणाली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. लग्न ठरल्यासारखे दिसत होते. मी अभिनंदन म्हणायला हवं होतं की काय कोण जाणे. मी उठून त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर ते तिला सगळं विचारायला लागले. भाजी कुठली, खिडकी उघडी की बंद, शेजारच्या वहिनींना आत येऊ देऊ का. पहिल्याच आठवड्यात असं निघालं की काकूंना वरणभाताचा कंटाळा आला होता, किती वर्षांपासून ते देव जाणे. डब्यात खिचडी दिसू लागली, कधी लापशी. काही दिवस त्या प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणत होत्या, अगदी औषधालाही, आणि काका त्याचंही कौतुक सांगायचे. मला तेव्हा वाटायचं की हे जरा जास्त होतंय. आता वाटतं, साठवलेलं होतं ते, बाहेर यायला वेळ लागणारच.

लग्नाचा सीझन तोंडावर आला आणि काकांनी शेठना निरोप पाठवला की मी येणार नाही. घरच्या पुढच्या खोलीत निळा पडदा लावून पासपोर्ट साईझ फोटो काढायचे, असा त्यांचा बेत होता. शेठना तो मान्य नव्हता. काकांना कितीही नावं ठेवली तरी त्यांच्या कॅसेटी लोक मागून घ्यायला लागले होते. शेठ स्वतः मिठाईचा पुडा घेऊन अंबरनाथला गेले. आमच्या शेठना नाही ऐकायची सवय नव्हती. गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत ते बोलत राहायचे आणि निम्मी गिऱ्हाइकं परत आत यायची.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा हातात पुडा नव्हता. माझ्या खोलीत आले, जे ते कधी करत नसत, आणि पंख्याखाली बसले. काका काय म्हणाले ते मी विचारलं.

 मला नका विचारू, तिला विचारा, एवढंच म्हणाले. मग त्यांनी शेठना कॉटवर बसवलं आणि काकूंचा हात त्यांच्या हातात दिला. शेठ जरा अवघडले. सिंधी घरातले, दुसऱ्याच्या बायकोचा हात हातात घेऊन कधी बसलेले नव्हते. पण विचारलं. भाभी, सीझन भर के लिए भेजोगी इनको? दोन महिन्यांचीच बात आहे.

"फिर?" मी म्हटलं.

शेठ आपला उजवा तळहात उघडून बघत होते.

"साफ मना कर दिया," ते हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात मी तोवर कधी न ऐकलेला आदर होता. मग ते उठले, आणि नवा कॅमेरामन शोधायला कुणाला फोन करावा ते मला विचारत बाहेर गेले.